मस्कत ते अल अश्खरा : जूनमधले सहा दिवस

ओमानला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, हे कुठलीही प्रवासी कंपनी सांगेल आणि त्यात चूक काही नाही. पण शाळांच्या सुट्ट्या मे-जूनमध्येच असतात, उन्हाळ्यात हॉटेलांचे दर बरेच खाली येतात, आणि रास अल जिन्झच्या किनाऱ्यावर हिरवी समुद्री कासवं अंडी घालायला मोठ्या संख्येनं येतात तीही उन्हाळ्यातच. तेव्हा मुंबईहून जूनमध्ये जाणारे असतातच. त्यांच्यासाठी हा मार्ग. तो दोन गोष्टींवर उभा आहे: दिवस घड्याळ बघून कापायचा, आणि मुक्काम रोज थोडा आग्नेयेकडे, रास अल हदच्या टोकाकडे सरकवायचा. त्या टोकापलीकडे, अल अश्खराच्या किनाऱ्यावर, त्याच देशातली हवा पार बदलते.

निघण्यापूर्वी

मुंबईकराला घामाची सवय असते, म्हणूनच तो मस्कतचा उन्हाळा हलक्यात घेतो. आपल्याकडे मेमध्ये पारा ३४-३५ ला थांबतो. मस्कतला जूनमध्ये तो सहज ४० च्या वर जातो, आणि वारा समुद्राकडून फिरला की त्यात आपल्यासारखा दमटपणा मिसळतो. अशा हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही. रात्रीही सुटका नसते. कुरियात हे मस्कत-सूर रस्त्यावरचं किनाऱ्याचं गाव. २६ जून २०१८ रोजी तिथलं चोवीस तासांतलं सर्वांत कमी तापमान ४२.६ अंश होतं. वारा जमिनीकडून सुटला की किनाऱ्यामागचा हजर पर्वत उतरताना हवा दाबली जाऊन आणखी तापते. म्हणून ‘रात्री गारवा असेल, तेव्हा फिरू’ हा हिशेब या किनाऱ्यावर धरू नका. पहाटच खरी कामाची.

जूनच्या मध्याला तिथे सूर्य पाच-वीसच्या सुमारास उगवतो आणि सातच्या जरा आधी मावळतो. मस्कत जवळजवळ कर्कवृत्तावर असल्यानं दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो आणि भिंतीलाही सावली राहत नाही. आमचं वेळापत्रक असं: पहाटे पाच ते साडेनऊ बाहेर, दहा ते साडेचार छपराखाली, पाचनंतर पुन्हा बाहेर. ओमान सरकार स्वतः जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरची कामं बंद ठेवायला लावतं. उन्हात राबायची सवय असलेल्या माणसाला जिथे थांबवलं जातं, तिथे पर्यटकानं किल्ले चढू नयेत.

तारखा ठरवताना तीन गोष्टी बघा. पहिली, बकरी ईद. २०२६ मध्ये ती मेच्या शेवटच्या आठवड्यात येते; त्या सुट्टीत सूर आणि रास अल हदच्या खोल्या स्थानिक लोकच भरून टाकतात आणि दुकानं बंद असतात. दुसरी, वादळं. जूनच्या पहिल्या आठवड्यात अरबी समुद्रात चक्रीवादळ होऊ शकतं. २००७ चं गोनू आणि २०१० चं फेट ही दोन्ही त्याच दिवसांत ओमानवर धडकली. तिकीट आणि हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. तिसरी, वारा. नैऋत्य मोसमी वारा जूनच्या मध्यापासून जोर धरतो आणि त्याच्याबरोबर अश्खराचा किनारा गार होतो. शाळेचं बंधन नसेल तर जूनअखेर किंवा जुलै निवडावा.

पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. ई-व्हिसा रॉयल ओमान पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. गाडी स्वतः चालवायची तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्यावा लागतो: फॉर्म ४ए, १,००० रुपये शुल्क, सोबत मूळ लायसन्स, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत. अंधेरी असो की ताडदेव, हे काम निघण्याच्या आठवड्यावर ढकलू नका. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते. सरळ रस्त्यावर हात लगेच बसतो. चूक होते ती पेट्रोल पंपातून बाहेर पडताना आणि गोल चौकात शिरताना. शेजारी बसणाऱ्यानं पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर ‘उजवीकडे’ म्हणत राहावं.

औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या, विशेषतः कोडीनचं खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामकं. घरचा खाऊ नेताना खसखस लागलेले अनारसे किंवा खसखशीचा मसाला सामानात ठेवू नका. आखातातल्या काही देशांत खसखस अंमली पदार्थांत मोजली जाते आणि पुडीभर खसखशीवरून चौकशी मागे लागते. इन्शुलिन नेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: पाण्यात भिजवून वापरायची गारव्याची पिशवी बाष्पीभवनावर चालते, त्यामुळे दमट मस्कतमध्ये ती नीट काम करत नाही. बर्फाची जेल-पाकिटं घातलेला छोटा डबा हवा, आणि इन्शुलिन त्या पाकिटांना थेट टेकता कामा नये.

ओआरएसच्या पुड्या माणशी रोज दोन धरा. पुडी १ लिटरची की २०० मिलीलिटरची हे वाचूनच विरघळवा. मोठी पुडी पेलाभर पाण्यात घातली तर मीठ जास्त होतं आणि लहान मुलाला ते बाधतं. पुड्या संपल्या तर १ लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पाणी माणशी दिवसाला चार लिटर, पायपीट असेल त्या दिवशी त्याहून जास्त.

कपडे सैल, सुती, पूर्ण बाह्यांचे. पैशाचं सांगायचं तर एक रियाल म्हणजे १,००० बैसा, आणि किंमत तीन दशांश स्थळांत लिहितात. पाटीवर १.५०० दिसलं तर ते दीड रियाल. एका रियालला दोनशेहून अधिक रुपये पडतात, हे पाण्याची बाटली घेतानाही डोक्यात असू द्या. जाता जाता: १९७० पर्यंत ओमानमध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी काढलेले रुपये चालत होते.

पहिला दिवस : मुंबई ते मस्कत

थेट विमान पावणेतीन तासांच्या आसपास घेतं आणि घड्याळ दीड तास मागे न्यायचं असतं. दुपारी उतरणारं विमान टाळा. संध्याकाळी उतरून रात्री साडेआठ-नऊपर्यंत हॉटेलात पोचणं सोयीचं. मुक्काम रुवी किंवा मत्रा भागात ठेवा. रुवीत भारतीय खाणावळी भरपूर आहेत, शाकाहाऱ्यांची अडचण होत नाही, आणि मत्राचा बंदरकाठ जवळ पडतो.

चष्मेवाल्यांना पहिला धक्का विमानतळाच्या दारातच बसतो: बाहेर पाऊल टाकताच काचा पांढऱ्या होतात. कॅमेऱ्याच्या भिंगावरही असंच बाष्प धरतं, आणि ते पुसत बसल्यानं भिंग खराब होतं. कॅमेरा बंद पिशवीतच वीसेक मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या, मग काढा. हे रोज पहाटे करावं लागेल.

दुसरा दिवस : मस्कत

साडेपाचला मत्राचा मासळी बाजार. ससून डॉकला जाणाऱ्याला इथली सुरमई लगेच ओळखू येईल. स्थानिक नाव कनद. १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर तिची मासेमारी बंद असते, त्यामुळे गणपतीच्या दिवसांत जाणाऱ्यांना ती मिळायची नाही. जूनमध्ये महाराष्ट्रात मासेमारी बंद असताना इथे ताजी सुरमई मिळते. बाजारातून बंदरकाठानं चालत जुन्या मस्कतच्या दिशेनं जितकं जमेल तितकं जा आणि सात-साडेसातला परत फिरा. राजवाड्याच्या दोन्ही बाजूंचे जलाली आणि मिरानी हे किल्ले पोर्तुगीजांच्या काळातले. ते बाहेरूनच पाहायचे आहेत, तेव्हा टॅक्सीनं जाऊन पंधरा मिनिटांत उरकलं तरी चालतं.

सुलतान काबूस भव्य मशीद मुस्लिमेतरांना शनिवार ते गुरुवार सकाळी आठ ते अकरा खुली असते, शुक्रवारी नाही. बरोबर आठला दारात हजर राहा. बायकांचे केस, मनगटं आणि घोटे झाकलेले हवेत. पूर्ण बाह्यांचा सलवार-कमीज आणि मोठी ओढणी सर्वांत सोयीची; साडीत कंबर उघडी राहते, आणि घट्ट लेगिंग किंवा तीन-चतुर्थांश बाह्यांवर दारातच अडवतात. पुरुषांनी पूर्ण विजार घालावी. मोजे बरोबर ठेवा, कारण चपला काढून चालावं लागतं आणि नवानंतर उन्हातला दगड पोळतो. मुख्य सभागृहातला गालिचा ४,००० चौरस मीटरहून मोठा आणि २१ टन वजनाचा आहे. इराणमधल्या ६०० विणकर स्त्रियांना त्याला चार वर्षं लागली. त्याच्यावर टांगलेलं झुंबर १४ मीटर उंच. या दोन गोष्टींसाठी अर्धा तास नुसतं उभं राहावं.

दुपार खोलीत. झोपाच, कारण उद्या चारला उठायचं आहे. मत्राचा बाजार दुपारी एकला मिटतो तो चारच्या पुढे उघडतो, शुक्रवारी सकाळी बंदच. वरून छत असल्यानं संध्याकाळी बरं वाटतं. लोबान इथेच घ्या: हिरवट, अर्धपारदर्शक खडे चांगले, तपकिरी चुरा स्वस्त. गाडी आजच रात्री ताब्यात घ्या. चारही टायरांची हवा, स्टेपनी, जॅक आणि एसी उजेडात तपासा, आणि आधीच्या ओरखड्यांचे फोटो काढून ठेवा.

तिसरा दिवस : बिमा, वादी शाब, सूर

सगळ्या सहलीत हाच दिवस बिघडण्याची शक्यता जास्त, म्हणून वेळा काटेकोर पाळा. साडेचारला मस्कत सोडा. सूरकडे जाणारा १७ क्रमांकाचा महामार्ग उत्तम आहे, वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी १२०, आणि कॅमेरे जागोजाग. मागच्या डिकीत दहा लिटर पाणी आणि बर्फाचा डबा हवा.

पहिला थांबा बिमाचं विवर, मस्कतपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर. चुनखडीचं छप्पर कोसळून झालेला हा खड्डा, तळाशी निळंहिरवं पाणी, खाली उतरायला पायऱ्या. सहाला इथे कुणी नसतं आणि कडेची सावली पाण्यावर असते. तासभर पुरे.

तिथून अर्ध्या तासात वादी शाब. वादी म्हणजे पाऊस पडला की वाहणारं खोरं. तोंडाशी छोटी नाव पलीकडे सोडते, जाऊन-येऊन एक रियाल. सकाळची पहिली फेरी कधी ते आदल्या रात्री हॉटेलातून विचारून घ्या. पलीकडे चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची चाल. सुरुवातीला सपाट, मग गुळगुळीत मोठे धोंडे, एका बाजूला केळी-खजुराच्या छोट्या बागा आणि दगडातून काढलेला पाण्याचा पाट. चपला इथे टिकत नाहीत. तळाला पकड असलेले, ओले झाले तरी चालतील असे बूट हवेत. नंतरची कुंडं पोहतच पार करायची. शेवटी खडकात जेमतेम डोकं मावेल एवढी फट आहे, तिच्यातून आत गेलं की गुहेत धबधबा. तिथे पाय टेकत नाहीत. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घ्या. न येणाऱ्यानं पहिल्या कुंडाशीच थांबावं. बायका-पुरुष दोघांनीही टी-शर्ट आणि गुडघ्याखाली जाणारी विजार घालूनच पाण्यात उतरायचं.

घात होतो तो परतीच्या वाटेवर. माणूस पाण्यात तास-दीड तास गार होतो, वेळेचं भान सुटतं, आणि अकराच्या सुमारास परत निघतो. तोवर दोन्ही कड्यांची सावली गेलेली असते, धोंडे तापलेले असतात आणि बाटली रिकामी. आत जाताना अर्धं पाणी परतीसाठी वेगळं ठेवा, नऊपर्यंत माघारी फिरा, आणि पाण्यातून बाहेर पडताना टी-शर्ट व डोक्यावरचं कापड पिळू नका, ओलंच राहू द्या. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, उलट्या सुरू झाल्या किंवा कातडी तापून अंगातला घाम थांबला, तर तो उष्माघात समजा. सावलीत आडवं करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काही देऊ नका. मदतीचा क्रमांक ९९९९. आतल्या डोंगरावर ढग दिसले तर वादीत पाऊल टाकू नका. डोक्यावर निळं आभाळ असतानाही वरच्या पावसाचं पाणी लोंढ्यानं खाली येतं.

गाडीजवळ आल्यावर आधी चारही दारं दोन मिनिटं उघडी ठेवा, काचा खाली करून थोडं चालवा, मग काचा बंद करून एसी आतल्या हवेवर लावा. डॅशबोर्डवर ठेवलेला मोबाइल आपोआप बंद पडतो, आणि नेमका नकाशा त्यातच असतो. नकाशा दुसऱ्या फोनवरही उतरवून ठेवा. पॉवर बँक आणि लहान मूल, यांतलं काहीही बंद गाडीत पाच मिनिटंही सोडू नका.

साडेअकराला सूर. हॉटेलांत खोली सहसा दोनला मिळते, आणि उन्हातून आलेल्यांना तीन तास बसायला जागा नसणं हा या दिवसातला दुसरा अडथळा. बुकिंग करतानाच सकाळी खोली देण्याबद्दल लिहून घ्या. नाही म्हणाले तर सरळ आदल्या रात्रीचं भाडं भरा. ते पैसे वाया जात नाहीत.

साडेपाचला गलबतांचा कारखाना. सूरचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आराखड्याशिवाय गलबतं बांधत आले. जुन्या रीतीत आधी बाहेरच्या फळ्या जोडत, आतल्या बरगड्या नंतर बसवत. सागवान आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून यायचं. जवळच किनाऱ्यावर ‘फतह अल खैर’ हे १९५१ साली सूरमध्ये बांधलेलं जुनं गलबत जपून ठेवलं आहे. त्याच्या मागच्या बाजूचं कोरीवकाम बघायला हवं. सूर्यास्ताला झुलत्या पुलावरून अल अय्जाच्या दीपगृहाकडे जा.

चौथा दिवस : रास अल जिन्झ

सकाळ सूरमध्ये मोकळी. दुपारी साडेचारला निघून रास अल हद पाऊण तासात. कासव राखीव क्षेत्राची नोंदणी मुंबईतूनच करून ठेवा, माणसांची संख्या मर्यादित असते. रात्रीची एक फेरी आणि पहाटेची एक. शक्य असेल तर केंद्रातच किंवा अगदी जवळ राहा आणि दोन्ही घ्या. एकच जमणार असेल तर पहाटेची, कारण तेव्हा उजेडात कासव समुद्रात परतताना दिसतं.

वेळासला गेलेल्यांना ऑलिव्ह रिडलेची पिल्लं आठवतील. इथली मादी त्याहून खूप मोठी, वजनानं शंभर किलोच्या पुढे जाणारी. आधी ती पुढच्या वल्ह्यांनी वाळू उडवत स्वतः मावेल एवढा खड्डा करते. मग मागच्या वल्ह्यांनी, न बघता, खाली सुरईच्या आकाराचं घरटं खणते: एक वल्हं ओंजळभर वाळू अलगद वर काढून बाजूला ठेवतं, मग दुसरं आत जातं. शंभरच्या आसपास अंडी पडतात. ती बुजवल्यावर मादी पुढे सरकून आणखी वाळू उडवते, त्यामुळे खरं घरटं कुठे ते कोल्ह्याला समजत नाही. पिल्लं साधारण दोन महिन्यांनी बाहेर येतात. वाळू जितकी तापलेली तितक्या माद्या जास्त निपजतात, म्हणून वाढत्या तापमानाची इथल्या अभ्यासकांना काळजी आहे.

खणणं चालू असताना उजेड दिसला तर मादी काम अर्धवट टाकून परत जाते. मोबाइल बंद करून खिशात ठेवा, पांढरे कपडे घालू नका, मुलांचे दिवे लागणारे बूट खोलीवरच राहू द्या. वाटाड्या थांबवेल तिथे थांबा. किनाऱ्यावर वारा असतो, पूर्ण बाह्यांचं काहीतरी अंगात असावं.

पाचवा दिवस : अल अश्खरा

पहाटेची फेरी झाली की किनाऱ्याच्या रस्त्यानं दक्षिणेला निघा. दीड-दोन तासांत अल अश्खरा. जूनअखेर सूर चाळिशीत असताना इथे पारा तिशीच्या आसपास असतो, सकाळी धुकंही धरतं. कारण तोच वारा, जो मुंबईला पाऊस आणतो. नैऋत्य वारा या किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर लोटलं जातं, आणि त्याची जागा घ्यायला खोलातलं गार पाणी वर येतं. त्या पाण्यावरून आलेली हवा गारच असते. रास अल हदला वळसा घालून वायव्येला गेलं की किनाऱ्याची दिशा बदलते, वारा समांतर राहत नाही, आणि मस्कतपुढचा समुद्र कोमट तो कोमटच. ओमानी कुटुंबं उन्हाळ्यात इथे येतात ती यासाठीच. गुरुवारी-शुक्रवारी खोली मिळत नाही, म्हणून हा मुक्काम रविवार ते बुधवारमध्ये बसवा.

या महिन्यांत इथला समुद्र खवळलेला असतो, पोहायचा विचार नको. दुपारीही बाहेर बसता येतं, हीच चैन. भाड्याची साधी गाडी वाळूत घालू नका, विम्यात ते बसत नाही. रुतलीच तर चाकं फिरवत राहिल्यानं ती आणखी खाली जाते. चाकांपुढची वाळू हातानं काढा, टायर १८ पीएसआयपर्यंत उतरवा, पायपुसणी चाकाखाली घाला आणि हळू बाहेर या. डांबरी रस्त्यावर वेग घेण्याआधी हवा पुन्हा भरून घ्या, नाहीतर मऊ टायर तापून फुटतो.

सहावा दिवस : बिदियामार्गे परत

सहाला निघा. जालान बनी बू अलीत बावन्न घुमटांची जुनी मशीद बाहेरून पाहता येते. पुढे बिदियाला शर्किया वाळवंटाच्या कडा रस्त्यावरूनच दिसतात. या दिवसांत वाळवंटातला मुक्काम घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत. अंधारात या रस्त्यावर उंट आडवे येतात, म्हणून रात्रीचा प्रवास नको.

बिदिया आणि इब्राच्या बागांतला मबसली खजूर जुलैच्या सुमारास उकळून उन्हात वाळवतात. तो मोठ्या प्रमाणात भारतात येतो आणि मशीद बंदरच्या पेठेत खारीक म्हणून विकला जातो. जूनमध्ये जाणाऱ्यांना नघल जातीचा ताजा, अर्धा पिकलेला रुतब मिळेल. तो दोन-तीन दिवसांत आंबतो, तेव्हा वाटेतच खा. घरी न्यायला सुका खजूर आणि ओमानी हलवा. हलवा तुपकट असतो, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून चेक-इनच्या बॅगेत ठेवा, कारण हातातल्या सामानात तो तपासणीवर अडवला जाऊ शकतो. मस्कतला अकरापर्यंत पोचता येतं. गाडी विमानतळावर परत करण्याआधी टाकी भरून घ्या, पावती जपून ठेवा आणि गाडीचे चारही बाजूंनी फोटो पुन्हा काढा.